भरपाईचा पैसा आणि 21,000 ची रेघ

कामावर किंवा रस्त्यावर अपघात झाल्यानंतर जखमी व्यक्तीला अथवा मृताच्या वारसांना मिळणाऱ्या रकमेला कायदा नुकसानभरपाई म्हणतो, तर आजारपण, अपंगत्व, वैधव्य आणि वार्धक्य यांत तग धरता यावा म्हणून विमा महामंडळ किंवा शासन जे देते त्याला सामाजिक सुरक्षा म्हणतो. दोन्हींचा उगम बहुधा एकाच दुर्दैवात असतो. परंतु दोन्हींच्या कचेऱ्या वेगळ्या, अर्ज वेगळे आणि हिशेबाची रीतही वेगळी असल्यामुळे एका दारातून आलेल्या पैशाने दुसरे दार कधी लावून घेतले, हे पुष्कळदा दावा चालवणाऱ्या वकिलालाही निकालानंतरच कळते. प्रस्तुत लेखकाची सुमारे दोन तपे पुणे परिसरातील कारखानदारीच्या पट्ट्यातील कामगारांचे आणि त्यांच्या गावाकडील कुटुंबांचे असे दावे चालवण्यात गेली, आणि त्यांतील निम्मा काळ तरी रक्कम जितकी मोठी तितके काम चोख, अशाच समजुतीत गेला. ती समजूत कशी ढासळत गेली, याचा हा वृत्तान्त आहे.

या क्षेत्रातील सर्वांत जुना कायदा 1923 चा. कामगार नुकसानभरपाई अधिनियम म्हणून तो ओळखला जाई, 2009 च्या दुरुस्तीने त्यातील 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आला, आणि त्याचा सांगाडा ब्रिटनमधील 1897 च्या कायद्यावरून घेतलेला होता. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, एवढे सिद्ध झाले की मालकाची चूक दाखवावी लागत नाही, ही त्याची मोठी देणगी होय. रक्कम सूत्राने ठरते: कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या 60 टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे आणि अंशतः अपंगत्व असल्यास कमाईच्या क्षमतेत जितकी घट झाली तितका टक्का घ्यायचा. अंगठा समूळ गेल्यास ही घट परिशिष्टात 30 टक्के धरली आहे. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक 207.98 आहे, आणि वेतन कितीही असले तरी जानेवारी 2020 पासून हिशेबात 15,000 रुपयांपेक्षा अधिक धरले जात नाही. त्यामुळे महिना 24,000 रुपये कमावणाऱ्या तीस वर्षांच्या तरुणाचा अंगठा प्रेसखाली गेला, तर त्याची भरपाई 5,61,546 रुपये होते. अशी आकडेमोड अशिलासमोर कागदावर मांडली की त्याच्या चेहऱ्यावर थोडी उमेद दिसते, हे खरे. मात्र त्याच कागदावर आणखी काय मांडायला हवे होते, हे लेखकाला बऱ्याच वर्षांनी उमगले.

दुसरा कायदा 1948 चा, राज्य कामगार विम्याचा. त्याच्या मागे प्राध्यापक बी. पी. अडारकर यांचा 1944 चा अहवाल होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या काळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. जखमी कामगाराने मालकाशी भांडत बसण्याऐवजी मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीतून त्याला उपचार आणि हप्त्याने पैसा मिळावा, ही यामागची दृष्टी. आज वर्गणी वेतनाच्या 4 टक्के आहे, त्यांतील 0.75 टक्का कामगाराच्या पगारातून कापला जातो आणि 3.25 टक्के मालक भरतो. 2017 पासून महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणारे या योजनेत येतात. कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत सरासरी दैनिक वेतनाच्या 90 टक्के मिळतात, आणि कायमचे अपंगत्व राहिल्यास त्याच दराचा अपंगत्वाइतका टक्का आयुष्यभर मिळत राहतो. कामगारांच्या बोलण्यात ही सारी व्यवस्था 'इएसआय' या एका शब्दात मावते, आणि तिची ओळख बहुतेकांना दवाखान्याची रांग म्हणूनच असते. हप्त्याच्या लाभाविषयी विचारले की अनेकांना तो माहीतच नसतो.

या दोन कायद्यांच्या मध्ये 1948 च्या कायद्याचे कलम 53 उभे आहे. विमाधारक व्यक्तीला कामावरील इजेसाठी मालकाकडून किंवा अन्य कोणाकडूनही, 1923 च्या कायद्याखाली किंवा दुसऱ्या कोणत्याही कायद्याखाली, भरपाई घेता येणार नाही, असे ते सांगते. 1996 मध्ये ए. त्रेहान यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे वर्जन पूर्ण असल्याचे स्पष्ट केले आणि पुढच्याच वर्षी वेस्टर्न इंडिया प्लायवूडच्या निकालात, मालकाच्या निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा लावण्याची वाटही त्यामुळे बंद होते, असे ठरले. वाचायला हे कलम सोपे आहे. ते अंगावर येते तेव्हा मात्र तसे राहत नाही.

लेखकाच्या उमेदवारीच्या वर्षांत एका लहान कारखान्यातील प्रेस चालवणाऱ्याची उजव्या हाताची तीन बोटे गेली. कारखान्यात वीसेक माणसे होती, मस्टरवर निम्मीच होती, आणि विम्याची वर्गणी कोणाचीच भरली जात नव्हती. कार्ड नाही, वर्गणी नाही, म्हणजे विमाही नाही, असा सरळ तर्क करून आयुक्तांपुढे, म्हणजे 1923 च्या कायद्याखालील दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, अर्ज दाखल करण्यात आला. तिसऱ्या वर्षी पुरावा संपत आला असता मालकाच्या वकिलाने शांतपणे कलम 53 पुढे केले. विमाधारक म्हणजे ज्याची वर्गणी भरली गेली तोच नव्हे, तर ज्याची वर्गणी देय होती तोही, अशी कायद्यातील व्याख्या आहे, आणि वर्गणी प्रत्यक्ष भरली नव्हती म्हणून वर्जन सुटत नाही, असे 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले आहे. ज्या मालकाने कायदा मोडून वर्गणी चुकवली, त्याच मालकाला त्याच कायद्याची ढाल मिळाली, आणि अर्ज फेटाळला गेला. महामंडळाने लाभ द्यावा आणि तो मालकाकडून वसूल करावा, अशी तरतूद आहे खरी. परंतु तीन वर्षांपूर्वीच्या अपघाताची नोंद, उपस्थितीचा पुरावा आणि वेतनाचा आकडा नव्याने सिद्ध करण्यात त्या कामगाराची आणखी दोन वर्षे गेली. चूक मालकाची होती, हे म्हणणे सोपे आहे. पण पहिल्याच भेटीत 'कारखान्यात माणसे किती' एवढा प्रश्न विचारायला वकील विसरला होता, आणि पाच वर्षे वाया जाण्यातला तो वाटा कबूल करावाच लागतो.

यानंतर काही काळ लेखकाचा कल उलटा झाला, आणि इएसआयमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला महामंडळाचे दार दाखवणे हेच योग्य, अशी भूमिका घेतली गेली. हिशेब तिच्या बाजूने होता. ज्याची सरासरी दैनिक मजुरी 700 रुपये आहे त्याचा पूर्ण दर 630 रुपये होतो, 30 टक्के अपंगत्वाला दिवसाला 189 रुपये, म्हणजे तीस दिवसांना 5,670 रुपये आयुष्यभर मिळतात, आणि महागाई पाहून हा दर अधूनमधून वाढवलाही जातो. उलट वरच्या उदाहरणातील साडेपाच लाख बँकेत 7 टक्क्यांनी ठेवले, तर महिन्याला 3,276 रुपयांच्या आसपास व्याज येते. तरीही समोर बसलेल्या माणसाला एकरकमी पैसाच हवा असतो, आणि त्याचे कारण अज्ञान हे नव्हे, हे समजायला वेळ लागला. अपघातानंतरच्या सहा महिन्यांत त्याने सावकाराचे, मेव्हण्याचे आणि किराणा दुकानदाराचे देणे करून ठेवलेले असते. बहिणीचे लग्न ठरलेले असते. आणि महामंडळाचा हप्ता सुरू व्हायला लागणारा वेळ त्याला परवडणारा नसतो. दर महिन्याचा पैसा घरात विरून जातो आणि एकरकमी पैशाने निदान एक देणे तरी फिटते, हे त्याचे गणित वकिलाच्या गणिताइतकेच पक्के असते.

ठेकेदारांना ही नड नेमकी ठाऊक असते. मृत्यू झाल्यास दहाव्या-बाराव्या दिवशी माणूस गावी येतो, लाख-दीड लाख रोख ठेवतो आणि 'यापुढे कसलीही मागणी नाही' असे लिहिलेल्या मुद्रांकावर अंगठा घेतो. कायद्याने ही तडजोड निष्फळ आहे, कारण मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे जमा करूनच द्यावी लागते आणि हक्क सोडून देणारा कोणताही करार बाद ठरतो. मालकाने आगाऊ दिलेल्या रकमेपैकी तीन महिन्यांच्या वेतनाइतकीच वजावट मिळू शकते. तरी असा कागद दाखवून घाबरवलेली किती कुटुंबे दाव्यापर्यंत पोचलीच नाहीत, त्याची मोजदाद कोठे नसते.

यापेक्षा फार वेगळा आणि अधिक अवघड धडा मोटार अपघाताच्या एका दाव्याने शिकवला. मराठवाड्यातील एक शेतमजूर ट्रकच्या धडकेने गेला. मागे पत्नी आणि दोन अल्पवयीन मुले होती. न्यायाधिकरणाने व्याजासह सुमारे 9 लाख रुपये मंजूर केले आणि प्रत्येकाच्या नावे 3 लाख अशी वाटणी करून सर्व रक्कम मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश दिला. यामागे 1994 चा सुसम्मा थॉमस निकाल होता. अशिक्षित किंवा अनुभव नसलेल्या दावेदारांची रक्कम नातेवाईक आणि दलाल गिळून टाकतात, हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीनांचा वाटा सज्ञान होईपर्यंत आणि गरजेनुसार इतरांचाही वाटा ठेवीत राखावा, असे मार्गदर्शन त्यात केले होते. त्या वेळी ठेवीचा दर 7 टक्के होता. बाईंच्या वाट्याचे व्याज वर्षाला 21,000 रुपये, म्हणजे महिन्याला 1,750 रुपये, त्यांच्या खात्यात येऊ लागले आणि मुलांच्या ठेवींचे व्याज ठेवीतच साठू लागले. निकाल चांगला लागला म्हणून वकिलाच्या कार्यालयात पेढे आले होते.

वर्षभराने त्या पुन्हा आल्या, त्या तहसील कार्यालयाची नोटीस घेऊन. पतीच्या मृत्यूनंतर त्यांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्थसाह्य सुरू झाले होते. 1980 पासून चालत आलेल्या या योजनेला खेड्यापाड्यांत 'निराधारचा पगार' असेच म्हणतात. त्या काळी तो महिना 600 रुपये होता. योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे लागते आणि ते तहसीलदाराने दिलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावरून ठरते. नूतनीकरणाच्या वेळी तलाठ्याने बँकेचा उतारा पाहिला, तिन्ही ठेवींचे मिळून 63,000 रुपये व्याज धरले, मजुरीचे ठोकळमानाने 10,000 रुपये त्यात मिळवले आणि 73,000 रुपये उत्पन्नाचा अहवाल पाठवला. निराधारचा पगार बंद झाला. अन्नसुरक्षेखालच्या प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात 44,000 आणि शहरी भागात 59,000 रुपयांची मर्यादा असल्याने रेशनकार्डही धोक्यात आले. त्या बाईंनी वकिलाला दोष दिला नाही, त्या एवढेच म्हणाल्या, "साहेब, पैसं बँकेत हायती म्हनत्यात, पर घरात तर काई न्हाई."

त्या एका वाक्याने लेखकाच्या व्यवसायाची दिशा बदलली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. भरपाईची मूळ रक्कम ही उत्पन्न नव्हे, ते गेलेल्या माणसाच्या कमाईचे भांडवली मोल आहे. परंतु न्यायालयाने ती ठेवीत बांधली की तिचे व्याज उत्पन्न होते, आणि उत्पन्न झाले की ते दाखल्यात उतरते. त्यातही मुलांच्या ठेवींचे व्याज ती मुले सज्ञान होईपर्यंत कुटुंबातील कोणालाही हाताळता येणार नव्हते, तरी कागदावर ते कुटुंबाच्या चुलीवर शिजत होते. तलाठ्याने अन्याय केला असेही म्हणवत नाही, कारण त्याच्या हातातील नमुन्यात 'न्यायाधिकरणाच्या आदेशाने राखलेली अल्पवयीनाची ठेव' असा रकानाच नव्हता. जाता जाता हेही नोंदवावे की या योजनेचे साह्य 2023 पासून महिना 1,500 रुपये झाले, म्हणजे वर्षाला 18,000 रुपये, पण 21,000 ची रेघ आहे तेथेच राहिली. दिवसाला 58 रुपयांहूनही कमी उत्पन्न असलेले कुटुंब दाखल्यातच सापडू शकते, हे तलाठी जाणतो, अर्जदार जाणतो आणि अर्ज मंजूर करणारी समितीही जाणते. म्हणूनच मजुरीचे 10,000 हा आकडा सर्वांनी मिळून मान्य केलेली एक सोय असते. बँकेचे व्याज मात्र छापील उताऱ्यावर येते आणि त्याला अशी सोय मिळत नाही.

प्रथम बँकेकडून पत्र घेण्यात आले की मुलांच्या ठेवींचे व्याज पुन्हा ठेवीतच जमा होते आणि न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय काढता येत नाही. तहसीलदारांनी ते मान्य केल्यावर 42,000 रुपये वगळले गेले, तरी बाईंचे स्वतःचे 21,000 आणि मजुरीचे 10,000 मिळून रेघ ओलांडली जातच होती. मग 2012 च्या ए. व्ही. पद्मा निकालाचा आधार घेऊन, ठेवीचे आदेश यांत्रिकपणे देऊ नयेत आणि दावेदाराची गरज पाहावी, या मुद्द्यावर दीड लाख रुपये मुदतीआधी काढण्याचा अर्ज करण्यात आला. कारण खरे होते. घराचे छप्पर पडायला आले होते. न्यायाधिकरणाने परवानगी दिली, दोन खोल्यांवर पत्रे आणि खाली फरशी आली, ठेव निम्मी झाली, व्याज 10,500 रुपयांवर आले आणि पुढच्या दाखल्यात एकूण उत्पन्न 20,500 रुपये लिहिले गेले. पगार पुन्हा सुरू झाला. एका न्यायालयाने पैसा राखून ठेवावा म्हणून आदेश द्यायचा आणि एका योजनेने तोच पैसा खर्च केल्यावरच मदत द्यायची, अशा या व्यवस्थेत त्या बाईंना सांभाळून नेण्याचा हा मार्ग होता. त्याला विजय म्हणावे की पळवाट, हे लेखकाला अजूनही ठरवता आलेले नाही. छप्पर मात्र टिकले.

उलट बाजूने पाहिले, म्हणजे सामाजिक सुरक्षेच्या लाभामुळे भरपाई कापली जाते का असे विचारले, तर आपल्याकडील न्यायालयांनी बरीच उदार भूमिका घेतल्याचे दिसते. हेलन रिबेलो विरुद्ध महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ या 1998 च्या निकालात आयुर्विम्याची रक्कम भरपाईतून वजा करू नये असे ठरले, कारण भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन किंवा विमा यांचा हक्क मृताच्या नोकरीतून आणि हप्त्यांतून आलेला असतो, अपघाताशी त्याचा थेट संबंध नसतो. 2016 मध्ये शशी शर्मा प्रकरणात मात्र हरियाणा शासनाच्या एका नियमाखाली मृत कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला वेतनाच्या ऐवजी मिळणारे साह्य वजा करण्यास मान्यता मिळाली, कारण ते गेलेल्या वेतनाचीच जागा भरत होते. या दोन निकालांतील फरक एकदा समजला की कोणती रक्कम दुसरीला खाते आणि कोणती खात नाही, याची चावी हाती येते: ज्यांची वर्गणी भरलेली आहे असे लाभ सहसा कोणाला अडवत नाहीत आणि कोणामुळे अडतही नाहीत, कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील अपंगत्वाचे निवृत्तिवेतन हे त्याचे उदाहरण. एकाच नुकसानीला दोनदा भरून काढणारे लाभ एकमेकांना छेद देतात, जसे कलम 53. आणि गरिबी पाहून दिले जाणारे लाभ सर्वांत नाजूक असतात, कारण तेथे पैसा कोठून आला हे विचारले जात नाही, तो आहे की नाही एवढेच पाहिले जाते.

ब्रिटनमधील व्यवस्था अभ्यासल्यावर ही नाजूक जागा तेथे कशी हाताळली आहे हे पाहून लेखकाला थोडा हेवा वाटला. तेथे उत्पन्नावर अवलंबून असलेले लाभ सामान्यतः 16,000 पौंडांहून अधिक बचत असल्यास थांबतात. परंतु शारीरिक इजेची भरपाई पहिले 52 आठवडे बचतीत मोजली जात नाही, आणि ती एका विश्वस्त निधीत ठेवली तर पुढेही मोजली जात नाही. दुसऱ्या बाजूला, अपघातामुळे सरकारने जे लाभ दिले ते 1997 च्या कायद्याप्रमाणे सरकार भरपाई देणाऱ्याकडून परत वसूल करते. म्हणजे सरकार आपला पैसा सोडत नाही, पण जखमी माणसाला दोन कायद्यांच्या कात्रीत सापडू देत नाही. आपल्याकडे उत्पन्नाच्या दाखल्याच्या नियमांत एका ओळीची भर, की न्यायाधिकरणाच्या आदेशाने ठेवलेल्या भरपाईचे व्याज अमुक मर्यादेपर्यंत धरू नये, पुष्कळ घरे वाचवू शकेल. असे निवेदन लेखकाने दोनदा दिले आणि दोन्ही वेळा त्याची पोच मिळाली.

टक्क्यांचा घोळ हा आणखी एक स्वतंत्र विषय आहे. एकाच हाताला तीन टक्के लागतात: महामंडळाचे वैद्यकीय मंडळ कमाईच्या क्षमतेतील घट ठरवते, जिल्हा रुग्णालय दिव्यांगत्वाचा टक्का ठरवते आणि न्यायालय व्यवसाय पाहून परिणाम मोजते. 1975 मध्ये डावा हात कोपराच्या वर गेलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण असमर्थ मानले, कारण एका हाताने सुतारकी होत नाही. पण जिल्हा रुग्णालयाचे मंडळ सुतार आणि शिक्षक यांत भेद करत नाही. अंगठा गेलेल्या कामगाराला परिशिष्टाप्रमाणे 30 टक्क्यांची भरपाई मिळते, आणि दिव्यांगांच्या बहुतेक योजनांसाठी मात्र किमान 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. एका कागदावर मिळालेला टक्का दुसऱ्या खिडकीवर चालेल, अशी आशा कोणाही अशिलाला दाखवू नये, हे शिकायलाही दोन-तीन नाराज माणसे खर्ची पडली.

अलीकडच्या काळात सर्वांत जास्त गोंधळ जाण्या-येण्यातील अपघातांनी घातला. घरून कारखान्यात जाताना झालेला अपघात कामावरची इजा मानावी, अशी भर 2010 मध्ये विमा कायद्यात पडली आणि कामगारांनी तिचे स्वागत केले. पण ती इजा कामावरची ठरताच कलम 53 मधील 'अन्य कोणाकडूनही' हे शब्द जागे झाले, आणि धडक देणाऱ्या ट्रकची विमा कंपनी न्यायाधिकरणापुढे म्हणू लागली की हा माणूस विमाधारक आहे, त्याने महामंडळाकडे जावे. यावर निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. दुचाकीवरून पाळीला निघालेल्या तरुणाचा मृत्यू झाल्यास त्याच्या पत्नीपुढे, एकीकडे पुनर्विवाह करेपर्यंतच मिळणारा अवलंबितांचा मासिक लाभ आणि दुसरीकडे अनिश्चित परंतु मोठी एकरकमी भरपाई, असा पेच उभा राहतो. चोविशीतील मुलीला आयुष्याच्या या निर्णयात सल्ला देताना सासर आणि माहेर दोन्ही खुर्च्यांवर बसलेले असते, आणि कोण कोणत्या हेतूने बोलत आहे हे ओळखणे कायद्याच्या पुस्तकात नसते. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर 1923 आणि 1948 चे दोन्ही कायदे एका छत्राखाली आले, आणि जाण्या-येण्यातील अपघाताचे तत्त्व आता मालकाकडून मिळणाऱ्या भरपाईलाही लागू झाले आहे. मात्र निराधारचा पगार आणि उत्पन्नाचा दाखला हे त्या छत्राच्या बाहेरच आहेत.

आता नवा अशील आला की रकमेची आकडेमोड सर्वांत शेवटी होते. त्याआधी पगाराची चिठ्ठी, इएसआयचे कार्ड, कारखान्यातील माणसांची संख्या, रेशनकार्डाचा रंग, घरात कोणाला निराधारचा किंवा वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचा पगार मिळतो काय, आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत कधी संपते, हे एका कागदावर उतरवून घेतले जाते; बोट गेलेल्या माणसाला रेशनकार्ड कशासाठी मागतात, हे सुरुवातीला कोणालाच समजत नाही. ठेवीचा आदेश मागतानाही अल्पवयीनांचे व्याज कुटुंबास उपलब्ध नसल्याचे वाक्य आदेशातच यावे, अशी विनंती केली जाते. काही न्यायाधीश ते लिहितात, काही लिहीत नाहीत.

पत्र्याचे छप्पर घातलेल्या त्या बाईंच्या थोरल्या मुलाची ठेव येत्या काळात पिकणार आहे. तीन लाख आणि त्यावर इतक्या वर्षांचे साठलेले व्याज त्याच्या खात्यात एकाच दिवशी उतरेल, आणि त्या वर्षीच्या दाखल्यात ते कसे धरायचे हे तलाठी सज्जावर नव्याने आलेला माणूस ठरवील. बँकेचे जुने पत्र आणि 20,500 रुपयांचा तो दाखला, दोन्हींच्या तीन-तीन झेरॉक्स प्रती त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवल्या आहेत.